भातुकलीतला खोकला

रजिस्टरात रकाने तेवीस.
वजन, उंची, दंडाचा घेर,
जंताची गोळी दिली, नाही दिली.
खोकल्याला रकाना नाही,
म्हणून मी समासात एक बारीक टिंब देते.
नोव्हेंबरात समास
मुंग्या लागल्यासारखा दिसतो.

बोरगव्हाणची आमची अंगणवाडी म्हणजे एक खोली.
वर पत्रे, एकच खिडकी,
तीही जिनिंगच्या बाजूला.
उघडली की रुई येते,
लेकरांच्या पापण्यांवर, माठावरच्या ताटलीवर,
कौसाबाईंच्या केसांवर, ते आधीच पांढरे.
लावली की आतला धूर आतच,
कारण सिलिंडर संपून तीन महिने झाले,
बिल तालुक्याला गेलंय, तालुका मीटिंगला,
आणि कौसाबाई कोपऱ्यात बसून
पऱ्हाटी मोडून मोडून चुलीत सारतात.
पऱ्हाटीवर फवारलेलं औषध
जळाल्यावर कुठं जातं,
हे आम्ही दोघी एकमेकींना विचारत नाही.

सोमवारी खिडकी उघडायची, मंगळवारी लावायची.
फुफ्फुसांना वार वाटून दिल्यासारखे.

शिवकन्या साडेचार वर्षांची.
भातुकलीत आई नेहमी तीच.
तीन खडे मांडते, वर बाटलीचं झाकण,
वाकून फुंकर घालते
आणि खोकते.
खोटं खोटं.
मोजून तीनदा.
नसलेला पदर ओढून डोळे पुसते,
मग म्हणते, "झाला गं माय भात."
रेहानला खरंच वाटलं, तो पळत पाणी घेऊन आला.
ती खेकसली त्याच्यावर,
"थांब की! सैपाक करायलेय ना मी!"

मी रजिस्टर मिटलं.

रेहानला न्यायला त्याचे आजोबा येतात, लतीफ मिस्त्री.
म्हटलं, भिंतीला दोन भोकं पाडायचीत.
"कागद हाय का?"
नाही.
त्यांनी बोट ओलं करून हवेत धरलं,
खोलीभर फिरले, पत्र्याखालची काजळी
अंगठ्यानं खरवडून पाहिली.
म्हणाले, "वारा पाहुण्यावानी असतो, बाई.
जायला वाट दिसली, तरच आत येतो."
रविवारी छिन्नी-हातोडा घेऊन आले.
जाळीच्या विटा कुणाच्या तरी बांधकामातून उरलेल्या,
एक भोक उगवतीला, एक मावळतीला, पत्र्याला लागून.
मजुरी घेतली नाही,
सोमवारी नातवाच्या शेजारी मांडी घालून
वाटीभर खिचडी खाल्ली.
चूल बाहेर गेली, लिंबाखाली,
तीन बाजूंनी पत्रा लावून.
खिडकीला कौसाबाईंचं विरलेलं पातळ
ओलं करून ताणलं.
ते रोज संध्याकाळी झटकतो.
महिन्यात उशीपुरती रुई जमली.
"करू का उशी?" कौसाबाई म्हणाल्या.
मी नको म्हटलं.

पर्यवेक्षिका आल्या.
शेऱ्यात लिहिलं: भिंतीस विनापरवाना दोन छिद्रे.
मी समास दाखवला.
त्यांनी चष्मा लावून पाहिला,
विचारलं, हे टिंब कशाचं?
सांगितलं.
त्या बराच वेळ पानं मागं उलटत राहिल्या.
शेरा काही खोडला नाही.
निघताना मात्र त्या दोन छिद्रांखाली
जरा उभ्या राहिल्या.

टिंबं कमी झालीत, संपली नाहीत.
जिनिंग चालूच आहे,
आणि लेकरं संध्याकाळी घरी जातात,
तिथल्या चुली तिथल्या तिथंच.
पुसलेल्या तक्त्यावरचा धरणाचा ध
निळा निघाला, इतके दिवस
आम्ही तो काळाच शिकवत होतो.

काल शिवकन्येनं तिन्ही खडे उचलून
उंबऱ्याबाहेर मांडले.
झाकण ठेवलं. फुंकर घातली.
आणि थांबली,
काहीतरी करायचं राहून गेल्यासारखी.
माझ्याकडं पाहिलं.

मी आठवण करून दिली नाही.